इस्त्रीकाकूंचं पाकीट

इस्त्रीकाकूंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारा एकच माणूस होता, तो म्हणजे त्यांचा नवरा, आणि त्याला जाऊन सात वर्षं झाली. बाकी सगळी गल्ली त्यांना इस्त्रीकाकूच म्हणते. बसथांब्यासमोर त्यांची लाँड्री आहे. पुढे काउंटर, मागे दोन मशिनं आणि काचेच्या खिडकीला लागून इस्त्रीचं लांब टेबल. टेबल खिडकीशी का, तर वाफेने जीव कोंडतो म्हणून, असं काकू सांगतात. खरं कारण असं की तिथून रस्त्यावर कोण आलं, कोण गेलं ते सगळं दिसतं. एकोणतीस वर्षं तिथे उभं राहून त्यांच्या पायाच्या शिरा फुगल्या आहेत, पण कुणाची कॉलर कुठे झिजली त्यावरून त्याच्या घरात काय चाललंय ते त्या अजून बिनचूक सांगतात. स्वतःच्या घराच्या बाबतीत मात्र ही विद्या त्यांच्या कधीच कामी आली नाही.

काकू कॅथलिक. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकली तर सोमवारी त्यांच्या हाताला इस्त्री लागत नाही. चर्चमधल्या वेदीवरचे सगळे कपडे धुण्याचं काम त्यांच्याकडे, आणि तेही फुकट. त्या धुण्याची एक रीत आहे. मिस्सेतला द्राक्षारसाचा प्याला ज्या छोट्या रुमालांनी पुसतात ते सरळ मशीनमध्ये टाकायचे नाहीत. आधी साध्या पाण्यात हाताने खळबळायचे आणि ते पहिलं पाणी मोरीत न ओतता मातीत ओतायचं, कारण त्यात ख्रिस्ताच्या रक्ताचा अंश उतरलेला असतो. काकूंच्या मागच्या दारी एक लिंबाचं झाड आहे. हे पाणी पिऊन पिऊन ते आमच्या बिशपपेक्षा पवित्र झालंय, असं काका म्हणायचे. काका म्हणजे काकूंचा नवरा, त्यांच्या जिभेला हाड नव्हतं.

शेवटचे आठ महिने काका चर्चच्या रुग्णाश्रमात होते. तिथल्या सिस्टरांनी त्यांची कूस बदलण्यापासून दाढी करण्यापर्यंत सगळं केलं. काका गेले तेव्हा त्यांच्या पाठीवर एक जखम नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत ही किती मोठी गोष्ट आहे हे ज्याने केलंय त्यालाच कळतं. काकू उपकार विसरणाऱ्यांतल्या नाहीत. तेव्हापासून त्यांनी चर्चला द्यायचं पाकीट एका रविवारीही चुकवलं नाही.

या चर्चमध्ये पाकिटांची पद्धत आहे. नवीन वर्ष लागलं की प्रत्येक घराला एक खोका मिळतो. त्यात वर्षभरातल्या सगळ्या रविवारांची पाकिटं असतात, प्रत्येकावर तारीख आणि त्या घराचा क्रमांक. मधूनच एखादं रंगीत पाकीट येतं, ते पूरग्रस्तांसाठी किंवा अनाथ मुलांसाठी. काकू जानेवारीतल्या एखाद्या मंदीच्या दुपारी अख्खा खोका पुढ्यात घ्यायच्या आणि वर्षाची सगळी पाकिटं भरून, चिकटवून मोकळ्या व्हायच्या. रंगीत पाकिटात थोडे जास्त, कारण रंगीत म्हणजे कुणीतरी अडलेलं. वर काय छापलंय ते वाचत बसायचं नाही. देवाला देताना चष्मा कशाला लागतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांची लेक चष्म्याच्या दुकानात कामाला. हे वाक्य ऐकलं की ती म्हणायची, आई, तुझ्यासारखी चार गिऱ्हाइकं मिळाली तर आमचं दुकान बंद पडेल.

ही लेक एकुलती एक, छत्तीस वर्षांची. तीन वर्षांपूर्वी तिने सांगितलं की ती शाळेची बस चालवणाऱ्या एका माणसाबरोबर राहायला जाते आहे. काकूंनी विचारलं, पगार किती, पितो का? लेक म्हणाली, पीत नाही. आणि तो नाही, ती आहे.

त्या दिवशी काकूंच्या हातून एका गिऱ्हाइकाचा पांढरा शर्ट जळला. इतक्या वर्षांतला तो पहिला. पुढचं वर्षभर त्या लेकीशी फक्त हवापाण्याच्या गप्पा मारत राहिल्या. मग एकदा ऐन हिवाळ्यात मोठं मशीन बंद पडलं आणि मेकॅनिक आठवडाभर तोंड दाखवेना. तेव्हा ती ड्रायव्हरबाई शाळा सुटल्यावर आली, जमिनीवर आडवी पडून तिने मशीनचा पट्टा बदलला, हात धुवायला साबण मागितला आणि जाताना मोरी धुऊन गेली. न सांगता मोरी धुणारं माणूस वाईट असूच शकत नाही, हे काकूंचं जुनं मत. धर्म काय म्हणतो, शास्त्र काय म्हणतं, यात त्या शिरल्या नाहीत. फक्त रविवारी दुपारी टेबलावर तीन ताटं मांडायला लागल्या.

देशात असं लग्न करायची मुभा देणारा कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. लेकीने सप्टेंबरमधली तारीख घेतली. रजिस्ट्रारच्या ऑफिसात दोन साक्षीदार लागतात. तिच्याकडून तिचा भाऊ सही करणार, माझ्याकडून तू, असं लेक म्हणाली. काकू 'बघू' म्हणाल्या. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपला ठेवणीतला पोशाख काढून, गिऱ्हाइकासारखी त्याची पावती फाडून, तो धुवायला टाकला. काकूंच्या 'बघू'चा अर्थ तो असा.

इथवर सगळं सुरळीत होतं. मग जूनमध्ये बिशप मंडळींनी तो कायदा रद्द व्हावा म्हणून मोहीम काढली. लाँड्रीसमोरच्या बसथांब्यावर भलंमोठं पोस्टर लागलं. एक बाप, एक आई, दोन गोरीगोमटी मुलं, आणि खाली ठळक अक्षरांत, 'लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. लग्न वाचवा.' काकूंची इस्त्री दिवसभर त्या पोस्टरच्या नाकासमोर चालायची. गिऱ्हाइकं विचारायची, काय हो काकू, तुमच्या चर्चवाल्यांचं ना हे? काकू म्हणायच्या, पोस्टर वाचायला वेळ कुणाला आहे, आणि पावती पुढे सरकवायच्या. ड्रायव्हरबाईची बस रोज त्याच थांब्यावरून जायची. तिने लाँड्रीकडे बघून हात हलवायचं काही सोडलं नाही.

महिन्याभराने चर्चचं छापील पत्रक आलं. मोहिमेला हातभार लावणाऱ्या कुटुंबांचे मनःपूर्वक आभार, आणि खाली तीन पानं भरून नावं. चर्चच्या वहीत काकूंचं घर अजून काकांच्याच नावावर होतं. त्यामुळे यादीत छापून आलं ते काकांचं नाव, आणि पुढे 'व परिवार'. ज्या माणसाने हयातभर बिशपची टिंगल केली, तो मेल्यावर बिशपच्या मोहिमेचा देणगीदार झाला होता. आणि परिवार म्हणजे कोण, तर काकू आणि ती लेक.

काकूंनी पाकिटांचा खोका काढला, आयुष्यात पहिल्यांदा चष्मा लावून. मे महिन्यातलं एक पाकीट निळं होतं, हे त्यांना आठवत होतं. खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला वर्षभरातल्या रंगीत पाकिटांची माहिती बारीक टाइपात दिली होती. निळं पाकीट, विवाहसंस्था संरक्षण निधी. पूरग्रस्त समजून काकूंनी त्यात नेहमीच्या दुप्पट घातले होते.

लेकीला ते पत्रक दुकानातल्या कुणीतरी दाखवलं. ती जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीत आली आणि पत्रक काउंटरवर ठेवून उभी राहिली. काकूंनी जानेवारीपासूनचं सगळं रामायण सांगितलं. लेकीने ते नीट ऐकून घेतलं. भांडली असती तर काकूंना बरं वाटलं असतं, भांडणाला त्यांच्याकडे उत्तरं तयार होती.

"तू मुद्दाम दिले नाहीस, मला माहितीये," लेक म्हणाली. "पण साक्षीचं मी आमच्या दुकानाच्या मालकीणबाईंना विचारते. जिच्याशी मी लग्न करतेय तिच्या घरच्यांनी ही यादी वाचली आहे गं. त्यांच्यासमोर तुला सहीला उभं करायचं म्हणजे... तू ये. जेवायला ये."

जेवायला ये, असं परक्याला म्हणतात. लेकीच्या लग्नाच्या कागदावर आपली सही हवी, एवढी एकच गोष्ट त्यांना त्या क्षणी जगात हवी होती, आणि ती आपल्याच हाताने घालवली होती. त्यांनी दुकानाला कुलूप लावलं आणि तडक चर्चचं ऑफिस गाठलं.

फादर नवे, पस्तिशीचे, सायकलवरून फिरणारे. माणूस साधा. काकूंनी पैसे परत मागितले. फादर म्हणाले, ते वर गेले. काकूंनी यादीतून नाव काढायला सांगितलं. यादी बिशप ऑफिसातून छापून येते, तिथे लिहावं लागेल, उत्तर कधी येईल सांगता येत नाही. बरं, मग यापुढे मी फक्त रुग्णाश्रमालाच देईन, असं काकू म्हणाल्या. त्यावर फादरांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं.

"काकू, तुमच्याशी खोटं बोलवत नाही मला," ते म्हणाले. "पाकीट कुठलंही असू दे, सगळं एकाच खात्यात जमा होतं. त्यातला ठरलेला वाटा वर जातो. त्यातूनच सिस्टरांचा पगार निघतो आणि त्यातूनच पोस्टरही निघतं."

"म्हणजे माझ्या नवऱ्याची पाठ पुसली तेही त्याच पैशातून, आणि माझ्या लेकीच्या तोंडाला काळं फासलं तेही त्याच पैशातून?"

फादर मान खाली घालून हो म्हणाले. मग मी करू काय, असं काकूंनी विचारलं. फादर म्हणाले, प्रार्थना करा. काकूंचं डोकं फिरलं. "ती करतेच आहे फादर. तिला पाकीट लागत नाही," असं म्हणून त्या उठल्या. दारात त्यांच्या हातात कुणीतरी वेदीवरच्या आठवड्याच्या कपड्यांची पिशवी दिली, ती मात्र त्यांनी सवयीने घेतली आणि रस्ताभर स्वतःवर चिडत घरी आल्या.

गावात मोकळ्या विचारांच्या कॅथलिकांचा एक गट होता. निवृत्त शाळामास्तर त्यांचे पुढारी. मास्तर काकांचे मित्र, काकूंना वहिनी म्हणायचे. यादी आली त्या आठवड्यात मास्तरांनी घरी बैठक बोलावली, काकूही गेल्या. आठ माणसं, चहाचे आठ कप, आणि मतं किमान अकरा. मास्तर म्हणाले, आपल्या हातात मत नाही, खुर्ची नाही, आपल्याकडे फक्त पाकीट आहे, ते बंद करा म्हणजे वरचे ऐकतील. एक निवृत्त नर्स म्हणाली, वरचे जेवायचे थांबणार नाहीत, पहिली कात्री रुग्णाश्रमाला लागेल. तिसरा म्हणाला, आपण सगळे बाहेर पडलो तर आत फक्त कडवेच उरतील. चौथ्याने विचारलं, आत राहून आजवर आपण काय दिवे लावले? यावर एक तास गेला. सगळे शहाणे, सगळ्यांचं थोडंथोडं खरं, आणि काकूंना वाटलं, आपण दळण घेऊन गिरणीत आलो खरं पण इथे नुसतंच जातं फिरतंय.

शेवटी ठराव झाला. एक सप्टेंबरपासून कुणीही पाकीट टाकायचं नाही, आणि बिशपना एक पत्र लिहायचं. पत्रात 'व्यथित' लिहावं की 'नाराज' यावर आणखी अर्धा तास खर्ची पडला. काकूंनी सगळ्यांच्या आधी सही केली. घरी येऊन त्यांनी सप्टेंबरपासूनची चिकटवलेली पाकिटं एकेक करून फोडली. सिस्टरांची आठवण येऊन मध्येच त्यांचा हात थांबला, पण त्यांनी शेवटचं पाकीटही फोडलं.

दुसऱ्या दिवशी त्या लेकीच्या घरी गेल्या. मनात होतं की हे ऐकून लेक विरघळेल. पाकीट बंद केलं, फादरांना सुनावलं, पत्रावर सही केली, असं सगळं त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. ड्रायव्हरबाई चहा टाकायला म्हणून आत गेली आणि आतच राहिली.

"आई, ते पोस्टर जूनमध्ये लागलं," लेक म्हणाली. "तू महिनाभर त्याच्यासमोर इस्त्री करत होतीस. तेव्हा फादरकडे नाही गेलीस. यादीत आपलं नाव आलं, मग गेलीस. नाव आलं नसतं तर?"

गिऱ्हाइकापुढे काकूंनी कधी चूक कबूल केलेली नाही. गिऱ्हाइकाचा शर्ट जळला तेव्हासुद्धा त्यांनी आधी कापडाला दोष दिला होता.

"नसतं आलं तर गप्पच बसले असते," त्या म्हणाल्या.

"मला तुझ्या पाकिटाचं काही नाही गं. तू दे, नको देऊ. चर्च तुझं आहे, तिथे तुला बाबा भेटतात, मला कळतं. पण तिथे एवढे लोक आहेत तुझ्या ओळखीचे, तीस वर्षांचे. त्यांतल्या एकाला तरी तू सांगितलंस का, की माझ्या मुलीचं लग्न आहे?"

नव्हतं सांगितलं. लेकीचं काय चाललंय, असं कुणी विचारलं की त्या 'तिचं छान चाललंय' म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. चहा आला, काकूंनी तो प्यायला, आणि साक्षीची गोष्ट त्या दोघींपैकी कुणीच काढली नाही.

लग्न झालं. रजिस्ट्रारच्या ऑफिसातल्या खोलीत एक लांब टेबल, एक झेंडा आणि पाठ न टेकता येणाऱ्या खुर्च्या होत्या. दोघींच्या कपड्यांची इस्त्री काकूंनी केली होती, तेवढं लेकीने करू दिलं. साक्षीदार पुढे या म्हटल्यावर ड्रायव्हरबाईचा भाऊ उठला आणि चष्म्याच्या दुकानाच्या मालकीणबाई उठल्या. काकू दुसऱ्या रांगेत बसून त्या बाईचा हात कागदावरून फिरताना बघत राहिल्या. बाईची सही लांबलचक, वेलांट्यांची होती, संपता संपेना. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा काकूंनीही वाजवल्या, आणि लेकीने मिठी मारली तेव्हा त्यांना एकाच वेळी आनंदही झाला आणि स्वतःच्या कानाखाली मारून घ्यावीशीही वाटली.

हे शुक्रवारी झालं. रविवारी काकू नेहमीसारख्या मिस्सेला गेल्या. ठराव लागू झाल्यानंतरचा, सप्टेंबरमधला हा पहिलाच रविवार. प्रवचन झालं, ऑर्गन सुरू झाला आणि औषधांच्या दुकानाचे मालक लांब दांडीची टोपली घेऊन पुढच्या रांगेपासून फिरू लागले. मास्तर काकूंच्या बरोबर पुढे बसले होते. टोपली त्यांच्यासमोर आली, आणि मास्तरांनी कोटाच्या खिशातून पाकीट काढून अलगद आत सोडलं. मग त्यांना मागे कोण बसलंय ते आठवलं असावं. त्यांनी मान अर्धी वळवली आणि तोंडातल्या तोंडात म्हणाले, "आमच्या हिने टाकायला दिलं होतं, वहिनी. पुढच्या महिन्यापासून बघू."

मास्तरांच्या 'बघू'चा अर्थ तो असा. आठ माणसांनी एक तास घासलेला तो ठराव मास्तर असा बायकोवर ढकलून मोकळे झाले होते.

टोपली काकूंच्या पुढ्यात आली. त्यांचे हात मांडीवर होते. औषधवाल्यांना वाटलं, पर्स उघडायला वेळ लागतोय, म्हणून ते थांबले. वर्षानुवर्षं या जागेवरून टोपली कधी रिकामी गेलेली नव्हती. त्यांनी दांडी किंचित हलवली. नेमका त्याच वेळी ऑर्गन थांबला.

"माझ्या लेकीचं परवा लग्न झालं," काकू म्हणाल्या. गिऱ्हाइकाशी मशिनांच्या घरघरीवर मात करून बोलायची सवय असलेला त्यांचा आवाज, तो शांत चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत गेला. "एका बाईशी. बसथांब्यावरच्या पोस्टरात नको म्हटलंय ना, ते. म्हणून मी आता यात काही टाकत नाही."

औषधवाल्यांनी काकूंकडे पाहिलं नाही. त्यांनी टोपली पुढच्या माणसासमोर धरली, आणि त्याने त्यात पाकीट टाकलं. मग त्याच्या पुढच्याने टाकलं. कुणी वळून पाहिलं नाही, कुणी खाकरलंसुद्धा नाही. मास्तरांची मान ताठ झाली होती. वेदीपाशी फादर पुस्तकाची पानं उलटत होते, त्यांना पान सापडत नव्हतं. मग ऑर्गन पुन्हा सुरू झाला आणि सगळे उठून उभे राहिले, तेव्हा काकूही उभ्या राहिल्या.

मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर नेहमी पंधरा माणसं काकूंना गाठायची, कुणाचा डाग, कुणाची चेन, कुणाचा पडदा. त्या दिवशी कुणाच्याच कपड्यांना काही झालेलं नव्हतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. औषधवाल्यांच्या बायकोने चष्म्याच्या दुकानातल्या कुणालातरी सांगितलं होतं, तिथून ते तिच्यापर्यंत पोचलं होतं.

"आई, तू चर्चमध्ये बोललीस म्हणे."

"बोलले. वरातीमागून घोडं, पण बोलले."

"मग? काय म्हणाले लोक?"

काहीतरी म्हणाले असते तर सांगायला सोपं गेलं असतं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "टोपली पुढे नेली."

"हो," लेक म्हणाली. "तसंच करतात ते."

एवढं बोलून ती थांबली, पण फोन तिने ठेवला नाही, आणि काकूंनीही ठेवला नाही.